डेलमर झाविट्झ आणि नुसते पासष्ट

आमच्या पोर्ट मेरिटमध्ये माणूस आपली उंची फुटांत सांगतो आणि शेजारच्या गावाचं अंतर किलोमीटरमध्ये. बाहेरची थंडी सेल्सिअसमध्ये मोजतो, पण ओव्हन तापवतो फॅरनहाइटवर. खिमा पाउंडात मागतो, दूध लिटरमध्ये आणतो, आणि नवं बाळ किती वजनाचं झालं हे इस्पितळ किलोत सांगतं ते आजीला फोन करताना पाउंडात करून सांगतो. सरकारनं सत्तरच्या दशकात आम्हाला मेट्रिकच्या गाडीत बसवलं, आम्ही अर्ध्या वाटेत उतरलो आणि तिथेच घरं बांधून राहिलो. यात कुणाला काही वावगं वाटत नाही. एक डेलमर सोडून.

डेलमर झाविट्झची हयात दुधाचा टँकर चालवण्यात गेली. उंच, खांद्यात थोडा वाकलेला, कानांत केसांची दोन झुडपं, आणि आवाज असा की टँकरच्या इंजिनावरून बोलायची सवय निवृत्तीनंतरही गेली नाही. मोजमापाचं हे वेड त्याला कुठून लागलं, याची गोष्ट तो स्वतःच सांगायचा. मेट्रिक आलं त्या वर्षी हायवेवरच्या वजनकाट्यावर साहेबानं विचारलं, “किती भरलंय?” यानं आकडा सांगितला. आकडा पाउंडातला, साहेबानं ऐकला किलोत. दुपटीहून जास्त माल भरल्याच्या आरोपावरून डेलमर टँकरसकट अर्धा दिवस उन्हात उभा, आणि आत दूध. “साहेब खोटं बोलला नाही, मी खोटं बोललो नाही,” डेलमर म्हणायचा, “आणि तरी दूध नासलं.”

तेव्हापासून कुणी नुसता आकडा बोललं की हा विचारणार, “काय? बटाटे?”

“डेलमर, माझ्या गाडीनं आता दोन लाख केले.” “काय? बटाटे?” “डेलमर, उद्या तीस होणार म्हणे.” “बटाटे?” एकदा तपासणीला गेला असताना नर्सनं त्याला काट्यावर उभं केलं आणि म्हणाली, “वजन एक्क्याण्णव किलो.” हा काट्यावरूनच म्हणाला, “बाई, किलो हे वजन नव्हे. किलो म्हणजे माझ्यात ऐवज किती आहे ते. वजन म्हणजे पृथ्वी मला किती जोरानं ओढते ते.” नर्स म्हणाली, “पृथ्वी ओढतेच आहे, तर उतरा खाली, मागे रांग आहे.”

अशा माणसाभोवती गाड्यांचे वेडे जमावेत हा आमच्या गावाचा योग. दर गुरुवारी संध्याकाळी त्याच्या शेतातल्या तंबाखूच्या जुन्या कोठारात आमची मंडळी भरते. कोठारात तंबाखू नाही, पण फळ्यांना वास अजून आहे. मधोमध एखादं उघडलेलं इंजिन, भोवती उलट्या दुधाच्या पेट्यांवर बसलेली माणसं, आणि वाद. गाडीवाल्यांचे वाद म्हणजे शेवटी आकड्यांचे वाद, आणि आकड्यांचा वाद म्हणजे डेलमरचं जेवण.

वेंडल फिक हा आमच्याकडचा जनावरांच्या खाद्याच्या गिरणीचा मालक. देह गिरणीला शोभेल असा, आणि मन इतकं हळवं की कुत्रा आजारी पडला तर गिरणी बंद. त्याच्याकडे हिरवी मस्टँग आहे. एकदा तो म्हणाला, “नवं इंजिन बसवलंय. चारशे पाउंड टॉर्क आहे, चारशे!”

“चारशे पाउंड,” डेलमर म्हणाला. “म्हणजे दोन डुकरं. बरं, डुकरं टांगलीस कुठं?”

“कसली डुकरं?”

“अरे, पाउंड हा नुसता जोर. जोर कुठं लावला ते सांगितल्याशिवाय पीळ, म्हणजे तुझा टॉर्क, किती पडला ते कळतं का? एक फुटावर टांगलीस का दहा फुटांवर?”

“सगळे असंच म्हणतात, डेलमर. चारशे पाउंड म्हणतात, चारशे फूट-पाउंड म्हणतात—”

“फूट-पाउंड नाही! आधी पाउंड, मग फूट! फूट-पाउंड म्हणजे काम. तू एक फूट उंचीवर पोतं उचललंस ते. पाउंड-फूट म्हणजे पीळ. पोतं उचलणं निराळं आणि बोल्ट पिळणं निराळं, गिरणीवाल्याला तरी कळावं!”

“पण सगळे—”

“सगळी गाढवं उकिरड्यावर लोळली म्हणून आपणही लोळायचं का?”

वेंडल दर वेळी रुसून मोठ्या डब्यातून लोणी-साखरेचा आणखी एक बटर टार्ट घ्यायचा. ते टार्ट आर्डिथ करायची, डेलमरची बायको. वेंडलला रुसायचं असलं की तो इंजिनाऐवजी डब्याशेजारी बसतो, हे आम्हाला माहीत होतं.

मी स्वतः या मंडळीत कसा आलो ते सांगायला हवं, कारण त्याशिवाय डेलमर पुरा होत नाही. आमच्या शाळेतले फिजिक्सचे सर चांगले होते. मीच दगड होतो. मला मेकॅनिकचं रीतसर शिक्षण घ्यायचं होतं आणि त्याच्या परीक्षेत बल, वस्तुमान आणि पीळ ही तीन भुतं माझ्या मानगुटीवर बसली होती. माझी जुनी जपानी गाडी. तिच्या पुस्तकात सगळे आकडे किलो-मीटरमध्ये. किलो गुणिले मीटर! मी डेलमरला विचारलं, “हे काय आहे?” तो मला हसला नाही. (हसायचं ते नंतर हसला, वर्षभर.) त्यानं पाना बाकाला बसवलेल्या शेगड्यात, म्हणजे वाइसमध्ये, आडवा पकडला, शेगड्यापासून एक फुटावर दुधाची जुनी किटली टांगली आणि तीत पाणी ओतलं.

“किटली वीस पाउंडांनी खाली ओढते. एक फुटावर आहे. पीळ किती?”

“वीस.”

“काय? बटाटे?”

“पाउंड-फूट.”

मग किटली शेगड्याच्या दिशेनं अर्ध्यावर सरकवली. “आता?”

“दहा. पाउंड-फूट.”

“येतंय की रे गाढवा तुला. आता हीच किटली चंद्रावर नेली तर? पाणी तेवढंच. ओढ?”

मी किटलीकडे पाहिलं. मग म्हणालो, “ओढ कमी. म्हणून पीळपण कमी.”

“आणि तुझ्या त्या किलो-मीटरवाल्यांनी पृथ्वीची ओढ किलोच्या पोटातच धरलीय, सांगत नाहीत इतकंच. चल, पाणी ओत त्या टोमॅटोला.”

आज मी गावातल्या गॅरेजमध्ये सर्टिफिकेट भिंतीला लावून काम करतो ते त्या किटलीच्या जिवावर. त्याचे आभार मानायला गेलो तेव्हा त्याला खोकला आला. आभार म्हटलं की त्याला खोकला यायचाच. वेंडलची मस्टँग त्यानं बर्फातल्या खड्ड्यातून काढली, तेव्हाही खोकला. कॅथलिक चर्चच्या बसचं क्लच त्यानं, स्वतः मेथडिस्ट असून, रविवारच्या आत बसवलं, तेव्हा फादर स्वतः आले तर हा खोकत मागच्या दारानं गायब. गावात असा माणूस मिळणं कठीण ज्याच्या चाकाला कधी ना कधी डेलमरचा हात लागला नाही. आणि असाही माणूस मिळणं कठीण ज्याचा हात डेलमरनं कधी आपल्या कामाला लावू दिलाय.

दोन हिवाळ्यांमागे सोलांज आली. सोलांज तिबोदो, क्वेबेकची, इथल्या भाजीच्या काचघरांमध्ये यंत्रांची देखभाल बघते. हजारो टोमॅटोंचं गरम पाणी तिच्या हुकमानं वाहतं. तिच्या चाकाचा एक बोल्ट मोडून आत अडकला होता, तो डेलमरनं काढून दिला आणि वर ऐकवलं, “कुणी आवळला होता हा? हत्तीनं?” ती म्हणाली, “मीच. एकशे चाळीस न्यूटन-मीटर, पुस्तकात आहे तसं.” “मग तुझा पाना खोटं बोलतो.” “माझा पाना दरवर्षी तपासला जातो. तुमचा कधी तपासला, महायुद्धात?” त्या दिवसापासून ती ‘न्यूटनबाई’ आणि हा ‘फुटपट्टी’. दोघं एकमेकांना चिडवल्याशिवाय कॉफी पीत नसत. सोलांजचा पाना ठरलेल्या पिळावर ‘टक्’ वाजणारा, एका बाजूला न्यूटन-मीटर आणि दुसऱ्या बाजूला पाउंड-फूट असा दुहेरी. डेलमरचा जुना, काटा सरकणारा, त्यावर फक्त पाउंड-फूट. “दोन तोंडांच्या माणसावर आणि दोन तोंडांच्या पान्यावर विश्वास ठेवू नये,” असं त्याचं मत.

आता आर्डिथ. आर्डिथनं पस्तीस वर्षं शाळेची बस चालवली. मीही तिच्याच बसमधून शाळेत गेलोय आणि मागच्या बाकावरून सफरचंद फेकल्याबद्दल एकदा उतरवला गेलोय. डेलमरपेक्षा ती दोन वर्षांनी मोठी. दोघांनी लग्नाच्या वर्षी घेतलेली सदुसष्टची पाँटिअॅक पॅरिसिएन, फिकट निळी, अजून त्यांच्याकडे होती. गाडी नावाला दोघांची. खरं म्हणजे ती आर्डिथची. डेलमर तिचा नोकर.

आमच्या प्रांतात ऐंशी वर्षं झाली की परवान्यासाठी पुन्हा डोळे तपासून घ्यावे लागतात, वर्गात बसावं लागतं. आर्डिथला ऑगस्टमध्ये ऐंशी पुरी होणार होती. जूनमध्ये एका गुरुवारी टार्टचा डबा ठेवता ठेवता तिनं सांगून टाकलं, “मी वर्गाला जाणार नाही. माझी मान आता वळत नाही. ज्या बाईला मागचं दिसत नाही तिनं रस्त्यावर येऊ नये. पस्तीस वर्षं पोरांना हेच शिकवलंय.”

वेंडलनं डब्याकडे नेलेला हात मागे घेतला. 

“मात्र वाढदिवसाला परवाना चालू आहे,” ती म्हणाली. “त्या दिवशी पॅरिसिएन मी चालवणार. आपल्या समुद्राएवढ्या तळ्याच्या काठानं, दीपस्तंभापर्यंत. सरळ रस्ता आहे, मान वळवायला लागत नाही. मग चावी टांगली. डेल, गाडी होईल ना?”

कारण पॅरिसिएन तेव्हा कोठारात उघडी पडली होती. वसंतात ती पाणी प्यायला लागली. इंजिनाचं खालचं धड म्हणजे ब्लॉक आणि वरचं झाकण म्हणजे हेड, त्यांच्या मधली चपटी गादी, गॅस्केट, गेली होती. डेलमर म्हणाला, “होईल.” आणि इंजिनाच्या दोन हेडांपैकी एका बाजूचं त्यानं बसवलंसुद्धा. दुसरं बसवायच्या आधी शिडीवरून पाय घसरला आणि उजव्या खांद्याचा स्नायू तुटला. ऑपरेशन झालं. डॉक्टरांनी सांगितलं, थंडी पडेपर्यंत पान्याला हात लावायचा नाही. वाढदिवस शनिवारी, पुढच्याच आठवड्यात. डेलमर कोठाराचं दार लावून घरात बसून राहिला आणि कुणाला काही बोलला नाही. आर्डिथनं मात्र त्याच्या मागे वेंडलला फोन केला.

आमच्या गुरुवारच्या मंडळीत एक रीत आहे. इंजिन मिटताना हेडच्या बोल्टची शेवटची आवळणी मालकानं एकट्यानं करायची नाही. मालकानं ज्याला ज्याला कधी हात दिला असेल तो येतो आणि एकेक बोल्ट आवळतो. एरवी चार-पाच जण येतात, एकेकाच्या वाट्याला तीन-चार बोल्ट. पॅरिसिएनच्या एका हेडला सतरा बोल्ट असतात. वाढदिवसाआधीच्या गुरुवारी दुपारी कोठारापासून रांग लागली ती रस्त्यावरच्या टपालपेटीपर्यंत. शेवटी चिठ्ठ्या टाकाव्या लागल्या. फादर चिठ्ठीत नाव निघालं नाही म्हणून नाराज झाले आणि देवाकडे नाही, वेंडलकडे तक्रार केली.

मी तिथं नव्हतो. डेलमरला टाके दाखवायला शहरात न्यायचं काम माझ्याकडे होतं. खरं तर त्याला घरापासून लांब ठेवायचं. आर्डिथ मागे बसली होती आणि परतीच्या वाटेवर तिनं मला दोनदा उगीच थांबायला लावलं, एकदा भुट्ट्यांसाठी आणि एकदा त्याच भुट्ट्यांना मीठ हवं म्हणून.

आम्ही पोचलो तेव्हा अंगणात लांब टेबलं मांडली होती. तळलेला पर्च मासा, भुट्टे, कोबीची कोशिंबीर, आणि सगळं गाव. डेलमर गाडीतून उतरला, पट्ट्यात लटकलेला हात सावरत.

“कोण मेलं?” तो म्हणाला.

“तुझं हेड बसलं,” वेंडल ओरडला. “सतरा जणांनी बसवलं!”

डेलमरला खोकला आला. फार मोठा. पळायला मागचं दार नव्हतं, म्हणून तो खुर्चीत बसला आणि कुणीतरी त्याच्यापुढे ताट ठेवलं. त्यानं फोर्क डाव्या हातात धरला, टेबलावरच्या एकेका तोंडाकडे पाहिलं.  तेवढ्यात वेंडल सुरू झाला.

“तुला सांगतो डेलमर, माझा बोल्ट काही साधा नव्हता. सोलांज अठ्ठ्याऐंशी म्हणाली, तर अठ्ठ्याऐंशी म्हणजे अठ्ठ्याऐंशी! तुझ्याच जुन्या पान्यानं. ओढतोय, ओढतोय, काटा काही पोचेना. घाम निघाला. पण शेवटी कसा फिरला, अगदी लोण्यासारखा!”

डेलमरचा फोर्क थांबला. “लोण्यासारखा?”

गाडीवाल्यांना हे सांगावं लागत नाही, पण इतरांसाठी सांगतो: बोल्ट आवळताना जड, जड, आणखी जड होत गेला पाहिजे. तो जर शेवटी लोण्यासारखा फिरला, तर तो आवळला गेला नाही. आत ब्लॉकमधले आटे निघून आले.

“वेंडल,” सोलांज उठून उभी राहिली, “अठ्ठ्याऐंशी न्यूटन-मीटर! ते माझ्या पान्यासाठी होतं! तुझ्या हातात पाउंड होते!”

“तू फक्त अठ्ठ्याऐंशी म्हणालीस.”

“माझा पाना तर मी अठ्ठ्याऐंशीवर लावून ठेवला होता—”

“तो चुकीचा होता, मी नीट केला,” चर्चची ऑर्गन वाजवणारी बाई अभिमानानं म्हणाली. “वर खडूनं पासष्ट लिहिलं होतं. मी मूठ फिरवून पासष्टवर आणला.”

“कुठल्या बाजूनं? न्यूटनच्या का पाउंडाच्या?”

“त्याला बाजू असतात?”

हळूहळू सगळं बाहेर आलं. रांग मोठी म्हणून दोन्ही पाने चालू होते. मधेच काचघरातून सोलांजला फोन आला, बॉयलर अडला होता, म्हणून ती बाहेर गेली. तेवढ्यात कुणी पासष्ट पाउंड-फूट आवळले, म्हणजेच सोलांजचे अठ्ठ्याऐंशी न्यूटन-मीटर, ते बरोबर. कुणी पासष्ट न्यूटन-मीटर, ते सैल. पाउंडात धरलं तर अठ्ठेचाळीससुद्धा नाही. आणि वेंडल व त्याच्या मागचे तिघं अठ्ठ्याऐंशी पाउंड-फूट, हत्तीसारखे. एका हेडवर तीन देशांचा कारभार. आणि प्रत्येक जण आपापल्या जागी बरोबर.

डेलमर उठला. आम्ही सगळे त्याच्या मागोमाग कोठारात गेलो, शाळेत पकडल्या गेलेल्या पोरांसारखे. वेंडलचा बोल्ट त्यानं डाव्या हाताच्या दोन बोटांनी फिरवला. फिरला. त्याच्या मानेच्या शिरा फुगल्या. मेट्रिक आल्यापासून तो ज्या एका गोष्टीसाठी घसा फोडत होता, तीच त्याच्या गाडीवर झाली होती, ती पण आर्डिथच्या शनिवारच्या दोन दिवस आधी. त्यानं छाती भरून श्वास घेतला. पुढच्या रांगेतले लोक मागे सरकले.

“डेल,” आर्डिथ म्हणाली, “हे अक्षर कुणाचं?”

ती तुळईकडे बोट दाखवत होती. तुळईवर खडूनं ठसठशीत लिहिलं होतं: हेड ६५. बस. पुढे काही नाही. सहाचा पोटाळा आकार गावात एकाच माणसाचा.

“पासष्ट काय?” आर्डिथनं विचारलं.

डेलमरनं तुळईकडे पाहिलं.  मग छातीत भरलेला श्वास हळूच सोडून तो दुधाच्या पेटीवर बसला आणि हसायला लागला. खांद्याचे टाके दुखायला लागले तरी हसत होता, “आई गं” म्हणत हसत होता. “मला वाटलं, यात काय लिहायचं,” तो म्हणाला, “हे तर शेंबड्या पोरालाही माहीत असतं. साहेब, किती भरलंय? पासष्ट!”

वेंडलला मात्र हसू येईना. त्याची हनुवटी थरथरत होती. “मी तुझा ब्लॉक मोडला, डेलमर. आर्डिथ, मी तुझा वाढदिवस मोडला.”

“वेंडल,” आर्डिथ म्हणाली, “रडू नकोस, टार्ट खा. डेल, खरं सांग. शनिवार होईल का?”

डेलमरनं ब्लॉककडे पाहिलं. हसू गेलं होतं. “बाकी सगळं सोपं. नवं गॅस्केट, नवे बोल्ट, कुठल्याही दुकानात मिळतात. पण हे एक भोक. ते मोठं करून नवे आटे पाडायचे आणि आत पोलादी तारेची गुंडाळी बसवायची. ड्रिल सरळ गेलं तर होईल. तिरकं गेलं तर ब्लॉक भंगारात. आणि मला तर हात एकच आहे.”

“गुंडाळ्यांची पेटी माझ्याकडे आहे,” सोलांज म्हणाली. “काचघरातल्या पंपांना मी नेहमी बसवते.” मग म्हणाली, “पण गाडी तुमची आहे. ब्लॉक सदुसष्टचा आहे. मी ‘पाडते’ म्हणणार नाही. तुम्ही सांगा.”

डेलमरला खोकला आला नाही. तो म्हणाला, “पाड, न्यूटनबाई. मी गुण्या धरतो.”

शुक्रवारी सकाळी मी गॅरेजमधून रजा घेतली. वेंडल गॅस्केट, बोल्ट आणि आट्यांना लावायचा लेप घेऊन आला, सगळं दुहेरी, न जाणो म्हणून. हेड पुन्हा उतरवलं. भोकाच्या खाली इंजिनाचं पाणी फिरतं. जागा थोडी, लोखंड जुनं. सोलांजनं ड्रिल हातात घेतलं आणि डेलमरनं डाव्या हातानं सुताराचा गुण्या ड्रिलशेजारी उभा धरला. मी दिवा धरला होता, वेंडल स्वतःचा श्वास.

“माझ्याकडे थोडं,” डेलमर म्हणाला. “आणखी. बस. आता जा.”

ड्रिल कुरकुरलं. लोखंडाचा भुगा करडा, बारीक, बाहेर येऊ लागला.

“दमानं. डावीकडे झुकतेयस.”

“तुमचा गुण्या झुकतोय.”

“माझा गुण्या माझ्या बापाचा आहे.”

“म्हणून म्हातारा झालाय. थरथरतोय.”

“तो नाही, मी थरथरतोय. जा पुढे.”

ती थांबली. तिनं ड्रिल बाहेर काढलं, डेलमरकडे पाहिलं, मग त्याचं मनगट ब्लॉकवर टेकवून दिलं. दोघांनी पुन्हा धरलं.  ड्रिल तळाला गेलं, बाहेर आलं. तिनं आटे पाडले, गुंडाळी फिरवत बसवली, वर नवा बोल्ट हातानं सोडला. तो सरळ, मऊपणे आत गेला आणि तळाशी जाऊन नीट थांबला.

डेलमरनं गुण्या खाली ठेवला आणि म्हणाला, “सोलांज.” दोन वर्षांत पहिल्यांदा तिचं नाव. “फार चांगलं काम झालं. मी तुझा आभारी आहे.”

सोलांजला खोकला आला. हा साथीचा आजार असावा.

दुपारी आवळणी पुन्हा केली. या वेळी एकच पाना, सोलांजचा, पाउंड-फुटाच्या बाजूनं, आणि न्यूटनच्या बाजूवर डेलमरनं स्वतः चिकटपट्टी लावलेली. प्रत्येकानं पुढे येऊन आधी मोठ्यानं “पासष्ट पाउंड-फूट” म्हणायचं आणि मगच हात लावायचा. फादरनासुद्धा या खेपेला जागा मिळाली आणि त्यांनी ते वेदीपाशी उभं राहून म्हणावं तसं म्हटलं. वेंडल आपला बोल्ट आवळताना ‘टक्’ झाल्यावर असा चमकून मागे सरला की जणू बोल्ट चावला.

सतराव्या बोल्टला आर्डिथ पुढे आली.

“तुझं नाव नाही,” डेलमर म्हणाला. “रीत माहीत आहे ना? मी ज्याला हात दिला असेल त्यानंच.”

“नाही दिलास? मग लग्नात दिला होता तो कोणाचा? वेंडलचा?”

लोक हसले. डेलमरनं पाना तिच्या हातात दिला, तिच्या मागे उभा राहिला आणि आपला चांगला हात तिच्या हातांवर ठेवला. “पासष्ट पाउंड-फूट,” ती म्हणाली, आणि दोघांनी मिळून ओढलं.

शनिवारी सकाळी पॅरिसिएन एका किल्लीत सुरू झाली. आर्डिथनं निळा रुमाल डोक्याला बांधला होता. शेजारी डेलमर, आणि त्याच्या पट्ट्यातल्या हाताला धक्का लागेल म्हणून मागे मी, उशी घेऊन. आमच्या मागे गावच्या सगळ्या गाड्यांची रांग, सोलांज, फादर, आणि चारशे पाउंड-फूटवाला वेंडल, ज्याला ताशी चाळीस किलोमीटरच्या वेगानं मस्टँग चालवताना जन्माचं दुःख होत होतं. आर्डिथची नजर रस्त्यावरून एकदाही हलली नाही. दोन्ही हात चाकावर, पाठ ताठ, मला वाटलं मागे शाळेची पन्नास पोरं बसलीत. इंजिनाच्या पाण्याच्या तापमानाचा काटा मध्यावर थांबला आणि थांबूनच राहिला. डेलमर तो काटा असा बघत होता की जणू त्याच्या नजरेनंच तो थांबलाय.

दीपस्तंभापाशी तिनं गाडी अलगद उभी केली, इंजिन बंद केलं, आणि चाकावर दोनदा थोपटलं, जशी ती बसच्या शेवटच्या फेरीनंतर थोपटायची. मग बाहेर आली. मागच्या गाड्यांतून लोक उतरले, कुणी टाळ्या वाजवल्या. तिनं चावी डेलमरला दिली नाही, त्याचा हात पट्ट्यात होता. ती माझ्या हातावर ठेवली. “मागच्या बाकावरून सफरचंद फेकणारा,” ती म्हणाली, “पण आता बरा चालवतोस, ऐकलंय.”

परतताना ती आणि डेलमर मागे बसले. त्या गाडीच्या मागच्या बाकावर दोघं एकत्र कधी बसले असतील असं मला वाटत नाही. मी जपून चालवत होतो. तळं डावीकडे, उन्हात लखलखणारं, वाळूची लांब जीभ, तिच्यावर पाखरं.  आरशात पाहिलं तर आर्डिथ खिडकीला टेकून बाहेर बघत होती.

“डेल,” ती म्हणाली, “साठ वर्षं या रस्त्यानं येते-जाते, पण हे तळं मी धड पाहिलंच नव्हतं रे. डोळे सारखे रस्त्यावर.”

“मग बघ आता,” डेलमर म्हणाला, आणि पुढे झुकून माझ्या खांद्यावर टकटक केलं. “पोरा, आणखी सावकाश.”

मी आणखी सावकाश केली. मागे वेंडलनं भोंगा वाजवला. आम्ही तिघांनीही ऐकला नाही.